भाट्याची टाळी

“नाय ऐकू आली! ती धरू नको!”

गमरे सरांचा आवाज भाट्याच्या किनाऱ्यावरून थेट सुरूच्या बनापर्यंत गेला. तेजस्वीने उचललेलं बोट खाली घेतलं आणि अकरावरून पुन्हा दहावर आली. जिची टाळी कापली गेली ती पोरगी वाळूत तोंड खुपसून आधी हसली, मग कण्हली आणि पुन्हा हात टेकून जोराला सज्ज झाली.

रत्नागिरीत आता कराटेचे वर्ग गल्लोगल्ली झालेत. कुठे खाली निळ्या-पिवळ्या गाद्या, कुठे भिंतभर आरसे, कुठे छताला टांगलेल्या पिशव्या. गमरे सरांच्या वर्गात यातलं काहीही नव्हतं. वाळू होती, ती सरकारची. समुद्र होता, तो कुणाच्या बापाचा नव्हता. बाकी ज्याचं त्याचं शरीर ज्याने त्याने घरून आणायचं. जोर, बैठका, बेडूकउड्या, ओल्या वाळूतली धाव आणि सगळ्यांचा राजा म्हणजे टाळीचा जोर. छाती वाळूला टेकवायची, तिथून अशी उसळी घ्यायची की दोन्ही हात जमिनीवरून सुटले पाहिजेत, हवेत टाळी वाजली पाहिजे आणि तोंडावर आपटायच्या आत हात परत खाली आले पाहिजेत.

त्यातही एक मेख होती. मोजणाऱ्याने दहा पावलं दूर, पाण्याच्या बाजूला उभं राहायचं. लाटांच्या आवाजातून टाळी त्याच्या कानावर आली तर मोजायची, नाहीतर तो जोर फुकट गेला. भरतीच्या सकाळी तर पोरांची कंबख्ती असायची. काही बेरकी पोरं आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा बघून नेमकी त्याच दिवशी आजारी पडायची.

तेहतीस वर्षं हा वर्ग असाच चालला होता. सर एस. टी.च्या डेपोत टायर विभागात होते. सकाळी वाळू, नंतर टायर. गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले, तेव्हा सत्काराच्या वेळी एका अधिकाऱ्याने त्यांना ब्लॅक बेल्ट म्हणून टाकलं. सर लगेच उभे राहिले आणि भर सभेत म्हणाले, “ब्राऊन हाय साहेब. ब्राऊन.”

आणि ते खरंच होतं. त्यांच्या हाताखालून चौदा पोरं काळा पट्टा घेऊन गेली. सरांच्या कमरेला मात्र तोच तपकिरी पट्टा होता, तोही विटून विटून पांढऱ्या सुताचा झालेला.

त्या सकाळी वर्ग संपल्यावर तेजस्वी घुटमळली. ती गोगट्यांच्या कॉलेजात कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सरांच्या वर्गातली सगळ्यात मोठी. तिने मोबाइल पुढे केला. “सर, जिल्हा संघटनेचं पत्र आलंय. जानेवारीपासून वर्ग चालवणारा ब्लॅक बेल्टच पाहिजे. नाहीतर पोरांची नावं स्पर्धेला घेणार नाहीत.”

सरांनी चष्मा नव्हता म्हणून पत्र वाचल्यासारखं केलं. “परीक्षा कदी हाय?”

“माझीच आहे ना, एकवीस डिसेंबरला. पण सर, तुम्ही...”

“माजा पन फॉर्म भर,” सर म्हणाले आणि पायाची वाळू झटकत सायकलकडे चालू लागले.

घरी रेणुकाबाईंनी हे ऐकलं आणि तवा गॅसवरून खाली ठेवला. पस्तीस वर्षांच्या संसारात तवा खाली ठेवण्याची वेळ तीन-चारदाच आली असेल.

“अट्ठावन सरली तुमची. गेल्या पावसात गुडघा धरून बसलाव होताव, आटवतंय काय?”

“गुडघ्याचा काय संबंध? जोर हातांनी काडतात.”

“तेजस्वी होईल ना पास? मंग तिच्या नावावर करा वर्ग. तुमी बसा शेजारी खुर्ची टाकून.”

हे मात्र सरांना झोंबलं. पोरगी शिकवणार आणि आपण खुर्ची टाकून बघत बसणार! सुरूखाली बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला दम देणारी निवृत्त मंडळी त्यांनी पुष्कळ पाहिली होती. डेपो सुटला तेव्हा त्यांना काही वाटलं नाही. टायर काय, कुणीही बसवेल. पण सकाळी साडेसहाला वाळूवर त्यांची जागा नसेल, तर उरलेल्या दिवसाचं करायचं काय, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांना भीती वाटली. बायकोला ते कळू नये म्हणून ते भाकरी कडक झाल्याबद्दल बोलले. भाकरी अजून तव्यावर पडलीच नव्हती.

आता कुणी विचारील, की चौदा पोरांना पट्टे मिळवून देणाऱ्या माणसाने स्वतः इतकी वर्षं काय केलं? तर त्याचं उत्तर अलोऱ्यात आहे.

सरांचे वडील चिपळूणजवळ अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत चौकीदार होते. तेव्हाचा महिपत सोळा वर्षांचा, बैलासारखा तगडा आणि वसाहतीतल्या साहेबांच्या पोरांशी रोज एक मारामारी करणारा. तिथे नायर नावाचे केरळचे एक तरुण इंजिनिअर होते. संध्याकाळी मैदानावर एकटेच कराटेच्या उड्या मारत. एका मारामारीनंतर त्यांनी महिपतला बोलावलं, आपला तळहात समोर धरला आणि म्हणाले, “मार.” महिपतने जीव खाऊन ठोसा मारला. हात तिथे नव्हताच. असं पाच वेळा झालं.

“ताकद आहे तुझ्यात,” नायर साहेब त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले. “पण तुझी ताकद एस. टी.सारखी. येते. पण उशिरा येते.”

तिथून पाच वर्षं महिपत त्यांच्या मागे सावलीसारखा होता. ना वजनं, ना यंत्रं. साहेब सांगत, खाली हळू जा, वर क्षणात ये. रागावलेल्या मांजराकडे बघ, ते कधी वजन उचलतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, थकलास की थांब. इतर मास्तर थकल्यावर आणखी दहा काढायला लावत, साहेब थांबवत. “थकून मारलेला ठोसा मंद असतो. तू मंद मारायची प्रॅक्टिस का करतोस?” मग दोघं मैदानाच्या कठड्यावर बसून दम खात. साहेब घरचे केळ्याचे वेफर्स काढत आणि महिपत खिशातले भाजलेले काजू. चौकीदाराच्या पोराशेजारी साहेब बसतो, एकाच पिशवीत हात घालतो, याचं वसाहतीतल्या काहींना फार नवल वाटे आणि काहींना फार खटके. महिपतच्या आईने तर ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरी येऊन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उगाचच एक जास्तीची मेणबत्ती लावली होती.

तपकिरी पट्टा साहेबांनीच बांधला. काळ्याची परीक्षा पुढल्या डिसेंबरात ठरली आणि ऑक्टोबरात त्यांची बदली झाली, पार उत्तरेतल्या कुठल्याशा धरणावर. चिपळूणच्या स्टँडवर गाडीच्या खिडकीतून ते म्हणाले, “मी येतो. तुझी परीक्षा मीच घेणार. दुसऱ्या कोणाला देऊ नको.” दोन पत्रं आली. मग पत्रं थांबली. महिपतने मात्र शब्द पाळला. दर डिसेंबरात पोरांना परीक्षेला घेऊन जायचा आणि स्वतः हॉलच्या बाहेर उभा राहायचा. पहिली काही वर्षं वाट पाहण्यात गेली. पुढे ती सवय झाली, आणि त्याहीपुढे लोक त्याला सरांचा हट्ट म्हणू लागले. साहेब असतील तर आता पंचाहत्तरीचे असतील, नसतील तर नसतील. फॉर्म भर म्हणताना सरांच्या जिभेला कडू लागलं होतं ते याच कारणाने; साहेबांना दिलेला शब्द आता मोडणार होता.

फॉर्म भरल्यावर आठवड्याने दीक्षाचा फोन आला.

दीक्षा ही वर्गातली पहिली पोरगी. नऊ वर्षांची असताना बापाचं बोट धरून वाळूवर आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, मी मोजते. मोजायला तिच्यासारखं कुणी नव्हतं. सख्ख्या भावाचे सात जोर कापले म्हणून घरी मार खाल्ला, पण आकडा बदलला नाही. आता ती पनवेलला शाळेत क्रीडाशिक्षिका होती, आणि या वर्षी रत्नागिरीच्या परीक्षेला परीक्षक म्हणून तीच येणार होती.

“सर, यादीत तुमचं नाव बघितलं मी.” ती म्हणाली. “तुम्ही फक्त या. गणवेश घालून उभे राहा. बाकी कागद मी बघते. चौदा जणांना तुम्ही घडवलंत, तुमची कसली परीक्षा घ्यायची?”

“दीक्षा.”

“हां सर.”

“तू वाळूवर मोजायचीस ना, तशी मोज. नायतर मी येतच नाय.”

मग ती म्हणाली, “बरं.”

पुढचे तीन आठवडे सर वर्ग सुटल्यावर एकटेच मागे राहू लागले. परीक्षेत पास व्हायला टाळीचे वीस जोर हवे होते, सलग. पहिल्या दिवशी सहा झाले. छातीखाली तीच वाळू, पण अंग तेच नव्हतं. खाली हळू जाणं जमत होतं. किंबहुना आता तेवढंच जमत होतं. वरची ती क्षणातली उसळी मात्र कुठल्या तरी स्टँडवर उतरून गेली होती. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे ते थोडे काढत, पूर्ण दम खात, पुन्हा थोडे काढत. नऊ झाले, बारा झाले. एका सकाळी पंधरा झाले तेव्हा त्या आनंदात त्यांनी घरी जाताना रेणुकाबाईंना आवडतात म्हणून बोंबील घेतले. बाईंनी दुपारी स्वतःहून त्यांच्या खांद्याला तेल चोळून दिलं. “एवडा नवरदेव होताव तेवा पन नवता ओ केलात,” त्या म्हणाल्या. सर लाजले. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस लाजला की फार गोड दिसतो.

एकवीस तारखेला हॉलमध्ये अठरा परीक्षार्थी होते. सतरा जण पंचविशीच्या आतले आणि अठरावे गमरे सर. पोरांचे आई-वडील भिंतीशी बसले होते, त्यात निम्मे सरांचे जुने विद्यार्थी. टेबलाशी दीक्षा आणि तिच्याबरोबर विनीत नावाचा पुण्याचा दुसरा परीक्षक. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि कमी असेल तो आकडा धरायचा, असा नियम होता.

काता झाली, म्हणजे एकट्याने क्रमाने करायच्या ठरीव हालचाली. सरांच्या हालचाली अशा स्वच्छ होत्या की विनीत पेन खाली ठेवून बघत राहिला. ठोसे झाले, लाथा झाल्या. गुडघ्याने थोडी कुरकुर केली, पण इज्जत राखली. तेजस्वीने टाळीचे बावीस जोर काढले. मग सरांचं नाव पुकारलं गेलं.

हॉल एकदम शांत होता. वर पंख्यांचा आवाज तेवढा. सर खाली गेले, छाती टेकवली आणि उसळले. टाळी अशी वाजली की भिंतीशी बसलेलं एक तान्हं मूल दचकून रडू लागलं. पाच झाले, दहा झाले. बारानंतर खांद्यात कळ आली. चौदा, पंधरा, सोळा. सतराव्याला हात सुटले, पण जेमतेम. तळवे एकमेकांना लागले एवढंच. अठरावा तसाच. एकोणीस, वीस. भिंतीशी बसलेल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी “सर!” म्हणून ओरडलं. विनीत उभा राहून हसत म्हणाला, “वीस!”

दीक्षाने कागदावरून मान वर केली नाही. “सोळा,” ती म्हणाली.

“मॅडम, वीस झाले. मी स्वतः ऐकल्यात टाळ्या.”

“इथं ऐकू आल्या,” दीक्षा म्हणाली. “भाट्याला शेवटच्या चार ऐकू आल्या नसत्या.”

विनीतला काही कळलं नाही. भिंतीशी बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना मात्र सगळं कळलं आणि हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. सर गुडघ्यांवर बसून धापा टाकत होते. खोटं कशाला बोला, त्यांना लागलं. फार लागलं. तशी मोज, असं आपणच बजावलं होतं. तरी मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात वाटलं होतं, की आजच्या दिवस पोरगी कानाडोळा करील. चार टाळ्या. आयुष्यभर पोरांच्या हजारो टाळ्या आपण समुद्रात टाकल्या, तेव्हा त्यांनाही असंच झालं असेल का, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. ते उठले. परीक्षकांना वाकून नमस्कार केला आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

निकालानंतर दीक्षा त्यांना शोधत बाहेर आली. ते हॉलच्या पायरीवर बसले होते. ती शेजारी बसली, पण दोन पायऱ्या खाली. तिचे डोळे लाल झाले होते.

“सर, रागावलाव?”

“होय,” सर म्हणाले. दीक्षाचा चेहरा पडला. ते थोडा वेळ समोरच्या स्कूटरींकडे बघत राहिले. “सतरावी माजी मनाच ऐकू आली नाय गो. तरी राग आला. आता काय करू त्याला?”

“तुमीच सांगितलात...”

“सांगितला ना. माजाच चुकला असता तू वीस धरले असतेस तर. घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असतं? पोरीनं दया केलान म्हणून?” त्यांनी पट्ट्याची सुटलेली सुतं सरळ केली. “नायर साहेब आसते, तर ते पन सोळाच बोलले आसते. आनि वर हसले आसते.”

छत्तीस वर्षं या माणसाने जी वाट पाहिली, ती इथे या पायरीवर संपली. दीक्षाला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती एकदम रडायला लागली, लहानपणी भावाच्या हातचा मार खाऊनही रडली नव्हती तशी. सरांनी तिला रडू दिलं. मग तिच्या डोक्यावर टपली मारली.

“पुरे. तेजस्वीचं काय झाला?”

“पास. चांगले मार्क आहेत.”

“मंग वर्ग चालू राहिला ना. ऊठ. रेणुकाने सांदणं केल्यान तुज्यासाटी. थंड झाली तर मना बोलेल.”

सोमवारी सकाळी साडेसहाला भाट्याला ओहोटी होती. ओली वाळू खूप लांबवर उघडी पडलेली आणि थंडीने पोरांचे दात वाजत होते. पोरं आली, ती आपल्याआपण पट्ट्यांच्या रंगाप्रमाणे रांगेत उभी राहिली. वरच्या रंगाचा उजवीकडे, खालचा डावीकडे, हा नेहमीचा शिरस्ता.

तेजस्वी सगळ्यांत शेवटी आली. रात्रभर झोप नसल्यासारखी दिसत होती. नवा काळा पट्टा तिने बांधला नव्हता, पिशवीतच ठेवला होता. ती सवयीने रांगेच्या उजव्या टोकाकडे, आपल्या जागेकडे निघाली आणि मध्येच थांबली.

तिथे गमरे सर उभे होते. पांढरा गणवेश, कमरेला तपकिरी पट्टा, हात दोन्ही बाजूंना सरळ. त्यांच्या शेजारच्या हिरव्या पट्ट्याच्या पोरीने अंग आवरून त्यांना पुरेशी जागा करून दिली होती.

“सर, असं नका ना करू,” तेजस्वी जवळ येऊन हळूच म्हणाली. “तुम्ही पुढे या. माझं नाव काय, ते कागदावर आहे फक्त.”

सरांनी नजर समोरच ठेवली. “मॅडम,” ते म्हणाले. या पोरीला ते आठ वर्षं अगो-तुगो करत आले होते. “पट्टा बांधा. पोरांना शाळा हाय.”

तिने पिशवी वाळूवर ठेवली आणि काळा पट्टा काढला. पहिली गाठ चुकली, ती सोडून तिने पुन्हा बांधली. रांगेसमोर जाऊन समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. मग नमस्काराची आज्ञा दिली.

गमरे सर कमरेतून वाकले. पोरं रोज वाकायची त्याहून कितीतरी खाली, आणि तसेच थांबले. पोरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. आणि एकेक करून सगळी रांग त्यांच्याइतकीच खाली वाकली.